पारखेचं अंगी लागत नाही

आत्या त्या रविवारी आली ती चोर पकडायलाच. बरोबर हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाई. सुट्टीच्या दिवशी त्या बिचाऱ्या कशाला येतील, पण आत्याने एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्याचं काही चालत नाही, हे आपण तिच्या लग्नापासून बघत आलोय. बाईंच्या हातात अजून हेल्मेट होतं. ते ठेवायलाही आत्याने त्यांना उसंत दिली नव्हती.

"आज मी सोक्षमोक्ष लावूनच जाणार," चपला काढायच्या आधीच तिने जाहीर केलं. "माझ्या धाकट्या भावाला या घरात चोरून कोण खायला घालतंय, ते मला कळलंच पाहिजे."

बेकरीच्या मागचं स्वयंपाकघर तसं मोठं, पण त्या दिवशी ते अपुरं वाटत होतं. थोरली सून ओट्याला टेकून उभी होती. धाकटी टेबलापाशी गाजरं चिरत होती. आणि जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती मूर्ती, म्हणजे धाकटीचा नवरा, पंख्याखाली घाम पुसत बसली होती. बेकरीत त्याला सगळे चाख्या म्हणतात. गोल चेहरा, गोल पोट, आणि रागावता न येणारा माणूस.

मामला साधा होता आणि जिवावरचा होता. वरच्या खोलीत थोरले, म्हणजे थोरलीचा नवरा आणि चाख्याचा मोठा भाऊ, झोपून होते. तरुणपणच्या काविळीने धरलेलं त्यांचं यकृत आता पार थकलं होतं. कोणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच ते वाचणार होते. थोरलीचा आणि त्यांच्या लेकीचा रक्तगट जुळला नाही. आत्याला डॉक्टरांनी वयावरून नाकारलं, आणि तो अपमान ती अजून विसरलेली नाही. जुळला तो चाख्या. त्याने एका पायावर हो म्हटलं. पण तपासणीत निघालं की त्याच्याच यकृतात चरबी साठलीय. आधी ती उतरवा, मग बघू, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून घरात लोणी बंद, तळण बंद. आणि काल पुन्हा तपासणी झाली तर चरबी जवळजवळ होती तिथेच. डॉक्टर म्हणाले, आता आणखी एकदाच तपासू. थोरल्यांना त्यापुढे थांबता येणार नाही.

"डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा म्हणाले होते मी," आत्या म्हणाली.

"डोळ्यातच घातलंय हो वन्सं. पोटात थेंब नाही गेला कोणाच्या," थोरली म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे माझ्या बाजूने तरी."

"म्हणजे?"

"मी काही बोलत नाही."

"बोल."

"भावजींचे कपडे मशीनला मीच टाकते ना. शर्टाच्या खिशात रोज चुरा असतो. लोण्याच्या बिस्किटांचा." थोरलीने गाजरांकडे बघितलं, गाजरं चिरणारीकडे नाही. "आता तो चुरा खिशात आपण होऊन चालत गेला असेल, तर मला माहीत नाही."

धाकटीची सुरी थांबली. तिला त्या चुऱ्याची गोष्ट माहीत होती, आणि ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. म्हणजे वाईट काही नव्हतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असल्या गोष्टी सांगायची लाज वाटते.

"आणि ती कशाला देईल?" आत्याने विचारलं. वकिलाला असावा तसा आवाज.

"कशाला म्हणजे? नवऱ्याचं पोट फाडलेलं कोणाला आवडेल?" थोरली म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिचे डोळे भरले. कारण नवरा तिलाही होता, आणि त्याचा जीव या जावेच्या नवऱ्याच्या पोटात अडकला होता.

"जाऊबाई," धाकटी शांतपणे म्हणाली, "काल तपासणी फसली तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? रात्री त्यावरून रडलेसुद्धा. पण घास मी नाही दिला."

आहारवाल्या बाईंनी हेल्मेट गुपचूप स्टुलावर ठेवलं. त्या तरुण होत्या, पण अशी घरं त्यांनी बरीच बघितली असावीत. त्या चाख्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा. दिवसभरात काय काय खाता?"

"काही नाही हो बाई," चाख्या कळवळून म्हणाला. "सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी उकडलेली भाजी, पाव, डाळीचं पाणी. संध्याकाळी तेच. भाऊ माझा, त्याच्या जिवाशी मी खेळेन का? शपथ घेऊन सांगतो, आज सकाळपासून माझ्या पोटात..."

पलीकडे भट्टीपाशी घंटा वाजली.

चाख्या वाक्य अर्धं टाकून उठला. स्वयंपाकघर आणि भट्टी यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी आहे. तिथे लेकीने गरम ट्रे आणून टेकवला. त्याने मधलंच एक बिस्किट उचललं, कानाशी धरून मोडलं, अर्धं तोंडात टाकलं. डोळे मिटले. सावकाश चावून झाल्यावर तो म्हणाला, "सोडा." म्हणजे माल दुकानात जाऊ दे. लेकीने ट्रे उचलला, दुकानाकडे गेली. उरलेलं अर्धं खिशात घालून चाख्या जागेवर येऊन बसला.

"तर काय सांगत होतो, सकाळपासून माझ्या पोटात कण नाही."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही आत्ता काय केलंत?"

"कुठे?"

"तिकडे. खिडकीपाशी."

"अच्छा, ते होय. पारख केली."

"तोंडात काय घातलंत?"

"पारखेचं बिस्किट."

"म्हणजे खाल्लंत."

चाख्या हसला. लहान मुलाने काहीतरी भलतंच विचारावं तसं त्याला झालं. "नाही हो. खाणं वेगळं, पारख वेगळी."

आणि इथे एक गंमत झाली. सकाळपासून एकमेकींच्या जिवावर उठलेल्या तिघीजणी एकदम एका बाजूला झाल्या. आत्या म्हणाली, पारख हे काम आहे, भूक लागली म्हणून कोणी करत नाही. थोरली म्हणाली, पारख केल्याशिवाय या घरातून माल बाहेर जात नाही, सासऱ्यांच्या वेळेपासून तसंच आहे. धाकटी म्हणाली, अहो बाई, ते गिळतात कुठे, ते तर ऐकतात.

"आमचे वडील सांगायचे," आत्याने शेवटचा शब्द टाकला, "पारखेचं अंगी लागत नाही. त्यांना साखरेचा आजार निघाला तरी त्यांनी पारख सोडली नाही."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय. गेले."

हे बोलून झाल्यावर आत्या स्वतःच थबकली. 

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी लेकीला बोलावलं आणि एक मोठं ताट मागितलं. "काल दिवसभरात भट्टीतून जे जे ट्रे निघाले, त्या प्रत्येकातलं एक एक अर्धं यात ठेवाल? यांनी चाखलं तेवढंच." लेक हुशार. तिने आधी पाव ठेवले, मग लोण्याची बिस्किटं, मग नानखटाईसारखी ती मऊ बिस्किटं, केकच्या फोडी, पदरांची ती खुसखुशीत पेस्ट्री, मग पुन्हा संध्याकाळची बिस्किटं. ताट भरलं. ती थांबेना. ढीग ताटाच्या कडेवरून घसरायला लागला तेव्हा तिने काकाकडे बघितलं आणि खालचा ओठ चावला.

"एवढं?" आत्या म्हणाली.

चाख्या स्वतःच्या पोटाकडे असं बघत होता की जणू ते आजच भेटलंय.

"नुसत्या जेवणातून लोणी काढून काय होणार?" बाई म्हणाल्या, पण आवाजात टोचणी नव्हती. "हे बघा, तुमच्या यकृताचा मोठा तुकडा कापून भावाला देणार. तो तिकडे जाऊन रुजला पाहिजे, आणि जो इकडे उरेल त्याने तुम्हाला सांभाळलं पाहिजे. दोन्ही वाढायला हवेत. चरबीने भरलेलं यकृत आधीच दमलेलं असतं. ते त्यांनाही पुरायचं नाही आणि तुम्हालाही. म्हणून डॉक्टर अडून बसलेत. लोणी, साखर, मैदा, हे ताटात काय आणि पारखेत काय, शरीराला कुठे फरक कळतो?"

"म्हणजे जन्मभर लोणी बंद?" चाख्याने विचारलं. भाऊ, पोट, ऑपरेशन या सगळ्यापेक्षा तो प्रश्न त्याने जास्त भीत भीत विचारला.

"जन्मभर कोण म्हणालं? लोणी काही विष नाही. बरे झालात की बेताने खाल. आत्ता मात्र नाही."

बाईंनी चहाचा कप उचलला. "आणि वर पेशंटना काय देता?"

याची तर थोरली वाटच बघत होती. पदर सावरून म्हणाली, "जे भावजींना, तेच ह्यांना. मी दुजाभाव केला नाही. लोणी बंद म्हणजे अख्ख्या घराला बंद. मी स्वतः शिवले नाही. ह्यांनाही गाजराचं सूप, उकडलेली भाजी. एकाने त्याग करायचा आणि दुसऱ्याने चापायचं, हे मला पटत नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "त्यांचं बंद करायला कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"अहो, ते झिजत चाललेत. हातापायांच्या काड्या झाल्यात, ते दिसत नाही का? त्यांना तर भरायला हवं. मीठ कमी, ते ठीक. पण थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा, पचेल तेवढं लोणी, अंडं, दूध, सगळं द्यायला हवं. पचेनासं झालं, पोट बिघडलं, तर कमी करायचं, तेही डॉक्टरांना विचारून. एका घरात राहता म्हणून दोघांचं पथ्य एक नसतं."

थोरली मटकन खाली बसली. इतके दिवस ती प्रेमाने, निष्ठेने, रोज ताजं सूप करून नवऱ्याला उपाशी ठेवत होती. धाकटीला बोलायला याहून चांगली संधी आयुष्यात मिळाली नसती. चुऱ्याचा हिशोब तिथल्या तिथे चुकता झाला असता. पण तिने उठून पाण्याचा ग्लास भरला आणि जावेच्या हातात दिला.

"आपल्यातलं कोणालाच सुचलं नाही, जाऊबाई," ती म्हणाली. "पारखेचं तरी कुठे सुचलं? मी तर रोज ऐकते ती घंटा."

जिन्यावर पावलं वाजली. थोरले येत होते, कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत. या घराची जमीन पातळ, खालचं सगळं वर ऐकू जातं, आणि हे थोरल्यांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आत्याने "अरे अरे, कशाला उतरलास" म्हणेपर्यंत ते टेबलापाशी पोचलेसुद्धा. चेहरा पिवळट, डोळे खोल, पण त्या डोळ्यांत आज काहीतरी चमकत होतं.

"बाई," ते म्हणाले, "मघाशी बोललात ते खरं ना? मला चालतं?"

"थोडं थोडं चालतं."

"मी रोज त्या सूपाकडे बघून स्वतःला म्हणायचो, धाकटा आपल्यासाठी लोणी सोडतोय, आपण एवढं तर करू." त्यांनी ढिगातलं एक अर्धं बिस्किट उचललं. "आणि हा पठ्ठ्या खाली पारख करत होता."

चाख्याची मान खाली गेली. "दादा, खरंच मला ते खाणं वाटलंच नाही रे."

"मला तरी कुठे वाटलं," थोरले म्हणाले आणि बिस्किट तोंडात टाकून खुर्चीत बसले. त्यांना बऱ्याच दिवसांनी काहीतरी मनापासून खाताना सगळे बघत राहिले. थोरलीने डोळे पुसले आणि लगेच दूध तापवायला ठेवलं.

"आता पारख कोण करणार?" हा प्रश्न लेकीने विचारला, आणि घरात पुन्हा धुमाकूळ सुरू झाला. बाई म्हणाल्या, चाखा आणि टाकून द्या. चाख्याने कानांना हात लावले. तोंडातलं अन्न, तेही आपल्या भट्टीचं, थुंकून टाकायचं? हे काही त्याच्याने व्हायचं नव्हतं. लेक स्वतः करायला तयार होती, पण तिची अडचण सगळ्यांना माहीत आहे, तिला सगळंच छान लागतं. थोरल्यांच्या तोंडाला चव तशी उरली नव्हती, भुकेपोटी खात होते इतकंच. मग आत्या पुढे सरसावली. तेवढ्यात घंटा झाली, आत्याने पारख केली आणि ट्रे परत पाठवला. पुढचाही परत. त्याच्या पुढचाही. वडिलांच्या वेळची चव नाही म्हणाली. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं आणि काउंटरवरचा पोऱ्या दोनदा विचारून गेला.

"हिला करू दे," चाख्या म्हणाला.

त्याने खिशात हात घातला आणि मघाचं ते अर्धं बिस्किट टेबलावर ठेवलं. "हे दुसरं अर्धं रोज हिच्याकडे जातं. लग्न झाल्यापासून. संध्याकाळी मी वर जातो, खिशातलं हिच्या हातावर ठेवतो. मी काही सांगायच्या आधी ही सांगते, आज भट्टी जास्त तापली होती, आज लोणी जुनं होतं. कधी चुकलेली नाही." मग थोरलीकडे बघून, जरा लाजत, "वहिनी, तो चुरा याचा."

धाकटीचे कान लाल झाले. थोरलीने आज पहिल्यांदाच जावेकडे बघितलं, गाजरांकडे नाही.

"ते सगळं ठीक," आत्या म्हणाली, "पण सोडा म्हणायचा हक्क घरच्या रक्ताचा. वडिलांनी घालून दिलंय. सुनांनी कधी पारख केलेली नाही."

"ताई," थोरले हळूच म्हणाले, "माझ्या पोटात तिच्या नवऱ्याचा तुकडा येणार आहे. अजून किती घरची व्हायची ती?"

आत्या खिडकीपासून बाजूला झाली. हेही आपण पहिल्यांदाच बघितलं.

घंटा वाजली. धाकटीने पदराला हात पुसले आणि खिडकीपाशी गेली. कानाशी धरून मोडलं, कोपरा तेवढा जिभेवर ठेवला. तिच्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही. चाख्या श्वास रोखून बघत होता.

"थांबा," ती म्हणाली. "मीठ राहिलंय."

लेक धावत आत गेली, आणि आतून ओरडली की खरंच, मापाचं मीठ तसंच कट्ट्यावर आहे. आहारवाल्या बाई हसत सुटल्या. आत्या म्हणाली, "मीही तेच म्हणणार होते."

पुढचे दिवस घर नुसतं पळत होतं. चाख्या पहाटे चालायला जायचा आणि परत येऊन भट्टीच्या भिंतीला नाक लावून उभा राहायचा, वासाला बंदी नाही ना म्हणायचा. त्याच्या विजारीला आधी पट्टा लागला, मग पट्ट्याला नवी भोकं. पारखेचं कोपराभर धाकटीच्या जिभेवर, आणि उरलेलं थोरली दुधाबरोबर वर घेऊन जायची. जाताना विचारायची, "आज कसं जमलंय गं?" आणि धाकटी सांगायची. नुसतं एवढंच, पण या दोघी इतकं सरळ पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. थोरल्यांच्या गालांना जरा मांस आलं. आत्या रोज फोन करून विचारायची की उतरली का, उतरली का, जसं काही गाडी येणार आहे.

रात्री मात्र धाकटी नवऱ्याच्या उतरत चाललेल्या पोटावर हात ठेवून जागी राहायची. ते जितकं उतरेल तितका सुरीचा दिवस जवळ येत होता, आणि ते उतरवायला मदत तीच करत होती. तिला भीती वाटत होती. सरळ सांगायचं तर खूप भीती वाटत होती.

शेवटच्या तपासणीचा फोन आला तेव्हा सगळे तिथेच होते, त्याच स्वयंपाकघरात. थोरले खुर्चीत, आत्या त्यांच्या डोक्याशी, लेक नुकतीच घंटा वाजवून खिडकीपाशी ट्रे घेऊन उभी. धाकटीने बिस्किट मोडलं होतं आणि कोपरा तोंडात टाकला होता. फोन चाख्याने उचलला. ऐकत राहिला. मग फोन खाली घेऊन म्हणाला, "उतरली. डॉक्टर म्हणतात, याच आठवड्यात करून टाकू."

आत्याने थोरल्यांना मिठी मारली ती इतकी जोरात की त्यांना म्हणावं लागलं, ताई, ऑपरेशनपर्यंत तरी राहू दे. लेक हसत होती आणि रडत होती. थोरली मात्र जागची हलली नाही. ती धाकटीकडे बघत होती. मग एकेक करत सगळेच तिच्याकडे बघायला लागले.

"तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही," चाख्या तिला म्हणाला. "दादाला मी सांगेन."

"हो," थोरले म्हणाले. "मला राग यायचा नाही."

धाकटीच्या तोंडात अजून तो कोपरा होता. ती घाईने गिळू शकली असती, पण तिने तसं केलं नाही. सावकाश चावलं, शेवटपर्यंत. लोणी ताजं होतं, मीठ बरोबर होतं, भट्टी हवी तेवढीच तापलेली होती. तिने हातातलं उरलेलं अर्धं थोरलीच्या तळव्यावर ठेवलं, रोजच्यासारखं, थोरल्यांसाठी. मग नवऱ्याजवळ गेली. त्याचा शर्ट आता दोन माणसं मावतील इतका सैल झाला होता. तिने त्याचं वरचं बटण लावलं, कॉलर नीट केली.

"सोडा," ती म्हणाली.

लेकीने ट्रे उचलला नाही. काकू ट्रेकडे बघत नव्हती.